चार दरवाजे, पाच खिडक्या आणि एक फ्लॅट

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरकर्जाचे कागद तपासणाऱ्या माणसाला स्वतःचं घर घेणं अगदी सोपं जात असेल, असा लोकांचा एक समज आहे. हलवायाला मधुमेह होत नाही असं समजण्यापैकीच हा प्रकार. उलट आमच्यासारख्याला कुठल्या कागदात काय राहून जातं ते पाठ असतं, आणि त्यामुळे आमचं घर कागदातच राहून जातं.

माझं तसंच राहिलं होतं. त्यात बदली झाली एटापल्लीला. चंद्रपूरहून निघालेली एस.टी. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असं करत जंगलात शिरते आणि एटापल्लीला आणून सोडते. पावसाळ्यात मात्र वाटेतल्या नाल्यांची परवानगी लागते. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. त्या वर्षी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण लग्नाचा बस्ता बांधायला आणि दाढ काढायला आमच्याकडची बरीच मंडळी अजून चंद्रपूरचाच रस्ता धरतात.

एटापल्लीतच जागा घ्यावी असा विचार मनात आणूनही उपयोग नव्हता. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीवाचून घेता येत नाही. १९७४ साली महसूल कायद्यात तशी पक्की तरतूद झाली आहे. आणि ते बरंच झालं. नाहीतर आमच्यासारख्या कारकुनांनी एव्हाना पार डोंगरापर्यंत 'वनश्री' नावाच्या तीनचारशे बंगल्या उभ्या केल्या असत्या आणि त्यांत एकही झाड ठेवलं नसतं.

तेव्हा घर घ्यायचं ते चंद्रपूरला, इथवर एकमत झालं. पुढे दोन पक्ष पडले. सौ.चा पक्ष नागपूर रस्त्यावरच्या नव्या इमारतींचा. तिथे लिफ्ट, पार्किंग आणि फाटकाशी सलाम ठोकणारा वॉचमन. दुसऱ्या पक्षात एकटे बाबा. पण त्या एका सभासदाचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची मागणी एकच : "घ्यायचं तर परकोटाच्या आत."

बाबांची तीस वर्षं परकोटाच्या आत, विठोबा खिडकीजवळच्या एका गल्लीत, वाड्याच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्याने गेली. गल्लीत त्यांना कोणी नावाने ओळखल्याचं मला आठवत नाही. ते 'माडीवरचे'. आई 'माडीवरची बाई' आणि मी 'माडीवरचा पोरगा'. वाडा विकला गेला आणि आम्ही परकोटाबाहेर पडलो. पण बाबांनी भाड्याच्या पावत्या सोडल्या नाहीत. तारेत ओवलेल्या त्या पावत्यांच्या तीन माळा अजून त्यांच्या ट्रंकेत आहेत. "या कशाला ठेवल्या?" असं आईने विचारलं की म्हणत, "उद्या कोणी विचारलं, तीस वर्षं कुठे राहत होता, तर काय दाखवू?"

शोधता शोधता त्याच गल्लीत एक फ्लॅट निघाला. १९८६ ची इमारत, एकंदर बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आमचा पहिल्या मजल्यावर, पायऱ्या अठरा. क्षेत्रफळ ४८० चौरस फूट. त्यातले नव्वद फूट भिंतींच्या जाडीत गेलेले, म्हणजे विकणाऱ्याने मला भिंतीही विकल्या होत्या.

नेमकी त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने आम्सटरडॅममध्ये घर घेतलं. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला येऊन वखार घातली होती, त्याची परतफेड आमच्या घराण्याने एकविसाव्या शतकात केली. व्हिडिओ कॉलवर तो सांगत होता, "मामा, जुन्या गावात, योर्डान म्हणून भाग आहे. पंचेचाळीस मीटर."

"लांबी?"

"लांबी नाही हो मामा, चौरस मीटर. सगळं मिळून."

मी कॅलक्युलेटर ओढला. ४५ गुणिले १०.७६ म्हणजे ४८४ चौरस फूट. चार फुटांनी पोरगा मामाच्या पुढे गेला. शिवाय तिकडे मोजमाप भिंतींच्या आतलं. किंमत त्याने युरोत सांगितली. तिचे रुपये मी केले आणि बाबांना सांगितले नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाच्या प्रकृतीला जपावं लागतं.

दोन्ही घरांची बातमी मी शाखेत पेढ्यांसकट जाहीर केली. सगळ्यांनी 'अभिनंदन, अभिनंदन' म्हणून पेढे उचलले. आमचा शिपाई माडिया आहे, जवळच्याच गावचा. त्याने पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "साहेब, एका इमारतीत बारा घरं म्हणता. मग खालची जमीन कोणाची जी?"

मी म्हटलं, "सगळ्यांची. प्रत्येकाचा बारावा हिस्सा."

"कोणता बारावा? दाखवता येते का?"

कॉमर्सच्या पदवीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी कागद काढून बसलो. नव्याने घर घेणाऱ्याच्या सोयीसाठी त्यातून जे निघालं ते थोडक्यात देतो.

चंद्रपूरच्या जमिनीची कथा एका सशापासून सुरू होते. दंतकथा अशी की खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा शिकारीला निघाला असता एक ससा त्याच्या कुत्र्यावर उलटला. पुढे कुत्रा आणि मागे ससा असा पाठलाग झाला. राजाने हे राणीला सांगितलं. राणी शहाणी. ती म्हणाली, ज्या मातीत ससा कुत्र्यावर उलटतो तिथे शहर वसवा, आणि पाठलाग झाला त्याच रेषेवर कोट बांधा. एका सशाच्या पायांनी नगररचनेचा नकाशा काढावा आणि तो शेकडो वर्षं टिकावा, हे आजच्या नगररचनाकारांनी विचार करण्यासारखं आहे. पुढच्या राजांनी काम पुरं केलं. सुमारे ११ किलोमीटरची दगडी भिंत. तिला चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. आणि पाच खिडक्या : विठोबा, हनुमान, बगड, मसण आणि चोर. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. चोरासाठी सुद्धा वेगळी खिडकी ठेवणारं शहर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. हल्लीच्या इमारतीत त्याला पुढच्याच दाराने यावं लागतं.

१७५१ साली गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून कोटाला खिंडार पाडलं आणि शहर घेतलं. नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून सगळाच कारभार इंग्रजांचा. राज्यं बदलली की भिंत जागच्या जागी राहते, पण जमिनीच्या कागदावरचं नाव बदलतं. विदर्भात गावठाणातल्या अशा सरकारी जमिनीला 'नझूल' म्हणतात. ती सरकार पट्ट्याने देतं, बहुधा तीस वर्षांसाठी. भुईभाडं भरायचं, मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यायचं. घर तुमचं, जमीन सरकारची.

आमच्या इमारतीची जमीन नझूल होती. पट्टा जुन्या वाडेमालकांच्या नावावर होता. वाडेमालक वारले होते. आणि पट्टा त्यांच्याही आधी वारला होता. त्याची मुदत संपून बरीच वर्षं झाली होती आणि नूतनीकरण कोणी केलं नव्हतं. आमच्या शिपायाने पेढा खाता खाता जे विचारलं, ते बारा फ्लॅटवाल्यांनी तीसपस्तीस वर्षांत विचारलं नव्हतं.

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या घराखालची जमीन कोणाची?"

"माझी आहे मामा. म्हणजे माझा वाटा आहे. इथे महापालिकेने १८९६ पासून जमिनी विकणं बंद करून भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. पण जुना भाग त्याच्या आधीचा, त्यामुळे आम्ही बहुतेक सुटलो."

मला पोटात थोडं दुखलं. पण तो पुढे म्हणाला, "फक्त एक आहे. जमिनीवर घर उभं नाहीये."

झालं होतं असं, की आम्सटरडॅमची जमीन म्हणजे दलदल. तिच्यावर घर ठेवलं तर घर खाली जाईल. म्हणून सुमारे बारा मीटर खोल, वाळूचा घट्ट थर लागेपर्यंत लाकडाचे वासे ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर बांधायचं. तिथला राजवाडा १६४८ साली बांधायला घेतला तेव्हा त्याच्याखाली १३,६५९ वासे ठोकले. हा आकडा तिकडे शाळेतली पोरं पाठ करतात म्हणे. वासे पाण्याखाली बुडालेले आहेत तोवर शतकानुशतकं टिकतात. जमिनीतलं पाणी उतरलं आणि हवा लागली की कुजायला लागतात. आपल्याकडे घरात पाणी शिरलं की रडतात, तिकडे घराखालचं पाणी आटलं की रडतात.

म्हणजे हिशेब असा : भाच्याची जमीन त्याची स्वतःची, पण ती घर पेलत नाही. माझी जमीन घर चांगलं पेलते, पण ती माझी नाही. मामाभाचे मिळून एका घराचे पुरते मालक होत होतो.

मग प्रश्न पडतो, की फ्लॅट घेतो तेव्हा आपण विकत नेमकं काय घेतो? पूर्वी असा प्रश्न नव्हता. ज्याची जमीन त्याचं घर, आणि वर राहणारा तो भाडेकरू. आपल्याकडे ही गाठ प्रथम सहकाराने सैल केली. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. तिच्यामागे तालमकी नावाचे गृहस्थ होते. घर संस्थेचं आणि संस्था सगळ्यांची, अशी ती युक्ती. नंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी गोठली, भाड्याने द्यायला इमारती बांधण्यात कोणाला राम उरला नाही आणि पागडीचा जमाना आला. मग बांधणाऱ्यांनी 'ओनरशिप' हा शब्द शोधून काढला. लोक पैसे भरत आणि वर्षानुवर्षं भिंतीची वाट पाहत. शेवटी १९६३ साली मालकीच्या फ्लॅटचा कायदा झाला आणि १९७० साली अपार्टमेंटचा. दुसऱ्यात लिहिलं आहे की फ्लॅट तुमचा स्वतंत्र आणि जिना, गच्ची, जमीन यांत तुमचा 'अविभाज्य हिस्सा'. हॉलंडात महायुद्धानंतर अशीच घरटंचाई होती. त्यांनी असा कायदा १९५१ साली केला. तिकडे फ्लॅट घेतलात की मालकांच्या मंडळाचे सभासद आपोआप झालात, नको म्हणण्याची सोयच नाही. लग्न झालं की सासुरवाडी येते तसं.

'अविभाज्य हिस्सा' हा शब्द मी शिपायाला समजावून सांगितला. म्हटलं, "वाटून देता येत नाही असा वाटा."

तो हसला. "असं सांगा ना जी. आमचं जंगल आहे तसं."

मी गप्प झालो. ज्या गोष्टीला आमच्या कायद्याला १९७० साल उजाडावं लागलं ती याच्या गावात वाडवडिलांपासून चालू होती. गोटूल कोणा एकाचं नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जंगलावरचा हा सामूहिक हक्क कागदावरही आला. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला, आणि २०१३ साली त्या गावाने स्वतःच्या शेतजमिनीही ग्रामदान करून ग्रामसभेच्या केल्या. एक अख्खं गाव जमीन एकत्र करतं, आणि इथे आमच्या इमारतीत बारा माणसं पाण्याच्या मोटरवरून गेली चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

आणि आता त्याच बारा जणांच्या सह्या हव्या होत्या. थकलेलं भुईभाडं बारा जणांनी भरायचं, पट्ट्याच्या नूतनीकरणाचा अर्ज बारा जणांनी करायचा, त्याशिवाय कुठलीही बँक, म्हणजे माझी सुद्धा, या घरावर कर्ज देणार नव्हती. सौ. म्हणाली, "अहो, अजून वेळ गेली नाही. नागपूर रस्त्यावर वॉचमन वाट बघतोय."

खरं सांगायचं तर माझाही विचार डळमळला होता. त्यात तिसरा कागद निघाला. चंद्रपूरचा परकोट हे केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक आहे. अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. १९९२ पासूनचा हा नियम २०१० साली कायद्यातच घातला गेला. १६ जून १९९२ च्या आधीची इमारत असेल तर परवानगीने दुरुस्ती करता येते. पाडून नवी बांधता येत नाही. परकोट ११ किलोमीटर, दोन्ही बाजूंना शंभर शंभर मीटर; म्हणजे ढोबळ हिशेबाने २२ लाख चौरस मीटर शहर जसं आहे तसं राहणार. आमची इमारत त्या पट्ट्यात. एवीतेवी जुनीच राहणार. तेव्हा ती नीट ठेवणं एवढंच बाराजणांच्या हातात होतं.

मी बाबांना सगळं सांगितलं. जमीन सरकारची, पट्टा संपलेला, इमारत पाडता येत नाही आणि शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत. ते म्हणाले, "सह्यांचं माझ्याकडे दे."

ट्रंकेतून पावत्यांची एक माळ पिशवीत घालून बाबा निघाले. गल्लीत त्यांना सगळ्यांच्या तीन पिढ्या माहीत होत्या. तळमजल्यावरच्या मास्तरांना त्यांनी त्यांच्या वडिलांची आठवण सांगितली. पठाणपुऱ्याकडे पूर आला होता तेव्हा दोघांनी मिळून लोकांची भांडी वाहिली होती. मास्तरांनी सही केली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मोटर माझ्या खिडकीखालून हलवा, मग सही." मोटर हलवली. एक जण पुण्याला होता, एक नागपूरला. एक वारला होता आणि त्याचे चार वारस चार दिशांना होते. बाबांनी चौघांना फोन केले. "मी माडीवरचा बोलतोय" एवढं सांगितलं की पलीकडून "अरे काका!" असं येई. ज्या नावाची मला लहानपणी लाज वाटायची त्या नावावर अकरा महिन्यांत बारा सह्या गोळा झाल्या.

त्या अकरा महिन्यांत शिपाई दर सोमवारी विचारी, "साहेब, तुमची ग्रामसभा जमली का जी?" शेवटी जमली. पट्ट्याचं नूतनीकरण झालं. कर्ज मंजूर झालं, त्याचा शेवटचा हप्ता मी निवृत्त होईन त्याच महिन्यात आहे. असे पट्टे पैसे भरून मालकी हक्कात बदलून घ्यायची सोयही आता शासनाने केली आहे. पण त्यासाठी पुन्हा बारा सह्या लागतील, म्हणून तूर्त आम्ही सगळे दम खात आहोत.

सामान चढवायच्या दिवशी लोखंडी कपाट जिन्यात वळेना. शेवटी दोर बांधून सज्जातून वर ओढलं. भाच्याला फोटो पाठवला तर त्याने उलट फोटो पाठवला. त्यांच्याकडे जिने इतके अरुंद आणि उभे, की प्रत्येक जुन्या घराच्या माथ्याशी त्यासाठी मुद्दाम आकडा ठेवलेला असतो. त्याचा सोफा हवेत लोंबकळत होता. बाबा तो फोटो बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हाही माडीवरचाच झाला म्हण."

संध्याकाळी बाबा अठरा पायऱ्या चढले, नवव्या पायरीवर थांबून. सज्जातून परकोट दिसतो. त्याच्यावर उगवलेली झाडंझुडपं स्थानिक संस्थेच्या मुलांनी २०१७ पासून रोज सकाळी राबून काढली, त्यामुळे आता तो भिंतीसारखा दिसतो. दारावर मी पाटी लावली होती. माझं नाव न घालता बाबांचं घातलं होतं. त्यांनी ती वाचली, आणि काही न बोलता चष्मा पुसून परत वाचली.

पहिल्या महिन्याच्या पाच तारखेला मंडळाचे चिटणीस देखभाल खर्चाची पावती घेऊन आले. रुपये सातशे फक्त. जिन्याचा दिवा, मोटर, गच्चीची गळती आणि बारावा हिस्सा भुईभाडं. बाबांनी पावती उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे भाडं काही सुटलं नाही," ते म्हणाले.

मी त्यांना अविभाज्य हिस्सा, १९७० चा कायदा आणि निधीची गरज असं सगळं समजावून सांगू लागलो. तोवर ते ट्रंकेपाशी पोचले होते. माळेची तार त्यांनी सरळ केली, पावती तिच्यात ओवली आणि म्हणाले, "असू दे. या पावतीवर नाव तरी आहे."